आज झाड पळणार नाही

अमेरिकेतल्या बर्लिंग्टनच्या विमानतळाबाहेर काकांनी पहिला श्वास घेतला आणि तो नाकातच गोठला. मार्चचा पहिला आठवडा होता. शिरोळ तालुक्यात या दिवसांत दुपारी कुत्रीसुद्धा सावली धरून बसतात. इथं रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे बांध घातलेले. काकूंनी शालीवर शाल घेतली, काकांनी कानटोपीवरून मफलर आवळला आणि लेक-जावई दोघांना गाडीत कोंबून अंडरहिलच्या वाटेला लागले. वाटेत जेरिको लागलं. हिमकणांचे हजारो फोटो काढणारा विल्सन बेंटली इथलाच, पहिला फोटो त्याने 1885 साली काढला, अशी माहिती जावयाने पुरवली. काकांनी खिडकीबाहेर नजर फिरवली. "दुसरं काय करणार बिचारा," ते म्हणाले.

पण काका काही बर्फ बघायला आले नव्हते. ते गुऱ्हाळवाले. आजोबांच्या काळापासून घरात काहील, चुलवाण आणि गुळव्या यांचाच संसार. लेकीने फोनवर सांगितलं होतं, की शेजारचे आजोबा झाडाला भोक पाडून रस काढतात, तो आटवतात आणि काकवीसारखं काहीतरी बनवतात. "झाडाची काकवी?" काका उठूनच बसले. "बघायलाच पायजे." मग तिकिटं निघाली, तीन आठवड्यांची, जाण्या-येण्याची तारीख पक्की करून. घरच्या काकवीची एक बाटलीही चार धोतरांत गुंडाळून बॅगेत गेली. तुलना करायची तर माल समोर हवा.

शेजारचे आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे एक लठ्ठ कुत्रं, बोलणं मोजकं. काकूंनी बघताक्षणी त्यांचं नाव "पाटील" ठेवून दिलं. त्यांना ते कधी कळलं नाही आणि कळलं असतं तरी त्यांनी खांदेच उडवले असते.

पाटलांचा कारभार मेपलच्या 50 झाडांचा. व्हरमाँट राज्यात हे म्हणजे परसात चार मिरच्या लावण्यासारखं. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त मेपल सिरप एकट्या या राज्यातून येतं आणि मोठे लोक हजारो झाडांना प्लास्टिकच्या नळ्या जोडून व्हॅक्यूम पंपाने रस ओढतात. जंगलातून निळ्या नळ्या अशा गेलेल्या असतात, की एखादं अख्खं रानच अतिदक्षता विभागात ठेवलंय असं वाटावं. पाटलांकडे मात्र अजून पत्र्याच्या बादल्या. नळ्या का नाहीत, असं विचारल्यावर त्यांनी एक शब्द उच्चारला: "खारी."

खारींबद्दल मागाहून कळलं. त्या नळ्या कुरतडतात हे तर आहेच. पण बर्न्ड हाइनरिक नावाच्या शास्त्रज्ञाने 1992 साली लिहून ठेवलंय, की तांबडी खार मेपलच्या सालीला दाताने चावा घेते आणि निघून जाते. रस ओघळतो, त्यातलं पाणी वाऱ्या-उन्हाने उडतं, मग खार परत येऊन उरलेली गोडी चाटते. ना लाकूड, ना कढई, ना मजुरी. "हिला गुळव्या म्हणून ठेवली पायजे," काका म्हणाले.

इथली रीत अशी, की मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा आणि तिच्या आगेमागे झाडांना भोकं. सभेला गावकरी खरोखर येतात, बाकावर बसतात आणि बर्फ उपसायच्या गाडीवर किती खर्च करायचा यावर हात वर करून मतं देतात. काकांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. ग्रामसभेला माणसं येतात, या गोष्टीवर त्यांचा झाडातून रस येण्यापेक्षाही कमी विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी ड्रिल काढलं. 5/16 इंचाचं पातं, दीड-दोन इंच खोल, किंचित वर चढतं भोक, म्हणजे रस बाहेर ओघळतो. त्यात हातोडीने हलकेच तोटी ठोकायची आणि तिच्यावर बादली लटकवायची. झाड किमान दहा-बारा इंच जाडीचं हवं. तेवढं व्हायला त्याला 40 वर्षं लागतात. काका थबकले. त्यांचा आडसाली ऊस 18 महिन्यांत तोडणीला येतो आणि तोही उशीर वाटतो. "चाळीस वर्षांत आमच्यात माणूस चार कर्जं फेडून पाचवं काढतो," ते म्हणाले. लेकीने याचं भाषांतर केलं. पाटील पहिल्यांदा हसले. बहुधा कर्ज तिकडेही असावं.

तोटीतून एक थेंब आला. सलाईनसारखा. काकांनी बोटावर घेऊन चाखला आणि चेहरा पडला. "पाणी हाय हे!"

पाणीच होतं, जवळजवळ. या रसात साखर असते साधारण 2 टक्के. उसाच्या रसात ती 15 ते 20 टक्क्यांपर्यंत असते. इथल्या विद्यापीठातल्या जोन्स नावाच्या प्राध्यापकाने 1946 साली एक सोपा हिशेब घालून दिला: 86 ला साखरेच्या टक्क्याने भागा, तितके गॅलन रस एक गॅलन सिरपला लागतो. म्हणजे 43. म्हणजे काही नाही तरी 42 गॅलन पाणी, जवळजवळ 160 लिटर, फक्त हवेत सोडायचं. मागच्या वर्षी जावयाने हौसेने हा उद्योग स्वयंपाकघरातल्या शेगडीवर केला होता. सिरप निघालं कपभर. भिंतीवरचा कागद मात्र पूर्ण निघाला.

त्यानंतर झाडाने संप पुकारला.

याचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. रात्री गोठायला हवं, दिवसा वितळायला हवं; उणे चार आणि अधिक चार सेल्सियस हा जोडा सगळ्यात शुभ. रात्री खोडाच्या तंतूंमधल्या हवेच्या पोकळ्यांत बर्फ धरतो, हवा दाबली जाते आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, दबलेली हवा पसरते आणि रस भोकाबाहेर ढकलला जातो. तिकडे याला रस "पळतो" असं म्हणतात. दोन्ही अटी एका दिवसात पुऱ्या झाल्या पाहिजेत. नुसती थंडी चालत नाही, नुसती ऊबही चालत नाही. पत्रिका जुळवण्यासारखंच हे. छत्तीसपैकी अठरावर भागत नाही.

पहिले पाच दिवस पारा शून्याच्या वर आलाच नाही. काका रोज सकाळी थर्मल, स्वेटर, जाकीट आणि वर जावयाचा कोट चढवून बादल्या बघून यायचे. "पळालं का?" काकू विचारायच्या. "मीच घसरलो." सहाव्या दिवशी एकदम इतकं ऊन पडलं, की रस्त्यांचा चिखल झाला. चिखलाचा म्हणून तिकडे एक वेगळा ऋतूच आहे आणि गाड्या रुतणं हा त्यातला सण. पण रात्रही उबदार गेली, बादल्या कोरड्या. मग पाऊस. मग पुन्हा बर्फ. पाटील आकाशाकडे बघायचे, "उद्या असेल" म्हणायचे आणि आत जायचे. काकांना त्या तोऱ्याची ओळख पटली. शेतीपंपाच्या विजेबद्दल गावचा वायरमन अगदी अस्संच बोलतो. फक्त रात्रपाळीच्या विजेला निदान वेळापत्रक तरी असतं.

या लहरीपणाने मोठमोठ्यांना रडवलंय. 2012 च्या मार्चमध्ये पारा अचानक 80 फॅरनहाइटच्या आसपास गेला, झाडांना वसंत आल्याचा भास झाला आणि हंगाम गुंडाळला. आधीच्या वर्षी व्हरमाँटने 11 लाख 40 हजार गॅलन सिरप केलं होतं, त्या वर्षी साडेसात लाखांवर भागवावं लागलं. म्हणूनच शेजारच्या क्वेबेकने शहाणपणा केला. जगातलं बहुतांश सिरप तिथलं. तिथल्या उत्पादकांच्या संघाने 2000 साली राखीव साठाच सुरू केला, पिंपच्या पिंपं भरून. आणि 2011-12 मध्ये त्यातलं सुमारे 3,000 टन सिरप चोरीला गेलं. चोरांनी कित्येक पिंपांत पाणी भरून ठेवलं होतं. काकांनी ही हकिगत तीनदा सांगायला लावली. "गोडाची चोरी म्हणजे कुठं पण सारखीच," त्यांचा निष्कर्ष, "फक्त आमच्यात पिंपं कागदावर असतात."

रिकाम्या दिवसांत जावयाने थॉमस जेफरसनची कथाही ऐकवली. वेस्ट इंडीजमधली साखर गुलामांच्या घामाची. तिच्याऐवजी मेपलची साखर वापरावी अशी एक चळवळ त्या काळी उभी राहिली होती. जेफरसन 1791 साली व्हरमाँटला येऊन गेला, भारावला, आणि व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यासाठी त्याने 60 मेपल मागवले. बाग काही जमली नाही. त्याच्या स्वतःच्या मळ्यावर राबणारे गुलाम मात्र तसेच राहिले. यावर काका काही बोलले नाहीत. त्यांच्या मळ्यावर कोयता चालवणारी माणसं बीडहून येतात.

आणि मग एका दुपारी अडीच वाजता पाटील स्वतः चालत आले. "पळतंय."

सगळे धावले. बादल्या टपटपत नव्हत्या, वाजत होत्या. संध्याकाळपर्यंत 80 गॅलन रस जमला. हा रस दुधासारखा. ठेवला तर नासतो, आजचा आजच आटवायचा. पाटलांची झोपडी लाकडी, वर वाफ जायला उघडं धुराडं, आत 2 बाय 4 फुटांचं सपाट पातेलं आणि खाली धगधगणारी भट्टी. काका दारात उभे राहिले, वाफ छातीत भरून घेतली आणि पहिल्यांदा मफलर काढला. इथं भाषांतर लागलं नाही. लाकूड कधी सारायचं, धग कुठं कमी पडतेय, हे दोघे म्हातारे हाताच्या खुणांनी बोलू लागले. फेस वर आला तेव्हा पाटलांनी लोण्याचा एवढासा खडा टाकला, फेस बसला. "आमच्यात शेंगदाण्याचं तेल," काका म्हणाले. पाटलांनी मान डोलावली, जणू त्यांना शब्दन्‌शब्द कळला. मग त्यांनी उकळत्या रसात अंडी सोडली. ही तिकडची रीत. काकूंनी मात्र त्या पातेल्याकडे त्या रात्रीपुरती पाठ फिरवली.

रात्री एकच्या सुमाराला आटलेला रस लहान भांड्यांत गॅसवर आला. सिरप झालं कधी म्हणायचं? पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा 7 अंश फॅरनहाइट जास्त, म्हणजे 104 सेल्सियसच्या आसपास. पाटील तापमापक घेऊन उभे. काकांनी तापमापक आयुष्यात वापरला नव्हता. त्यांनी गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला, बोटाने चोळला. "न्हाई. अजून कच्चं."

"झालंय," पाटील.

"अजून थोडं."

पाटील गाळण्याचं फडकं आणायला वळले. रस आटताना मातकट गाळ धरतो, तो जाड फडक्यातून गाळावा लागतो. तेवढ्या दोन-चार मिनिटांत दुसऱ्या भांड्यात काकांच्या पन्नास वर्षांच्या सवयीने आपलं काम केलं. पाटील परतले तेव्हा तिथं सिरप नव्हतं. तिथं गूळ होता. चांगला, भुरा, कणीदार, कोल्हापूरच्या बाजारात भाव घेईल असा.

क्षणभर झोपडीत फक्त भट्टीचा आवाज. मग पाटलांनी बोट घालून चाखलं, कपाटातून पानाच्या आकाराचे रबरी साचे काढले आणि काकांपुढे ठेवले. मेपलची साखर तिकडेही करतात. सिरपच्या बाटल्या येण्याआधी बरीचशी साखरच करायचे. साचे बघताच काकूंनी पर्समधून दोरा काढला. "थांबा, ओतू नका. आधी दोरा." चार दिवसांवर पाडवा होता आणि बर्लिंग्टनमध्ये गाठी कुठं मिळणार?

पहाटे उरलेलं सिरप पुन्हा थोडं आटवून ताज्या बर्फावर ओतलं गेलं. त्याची चिवट तार होते, ती काट्यावर गुंडाळून खायची, आणि सोबत चक्क आंबट काकडीचं लोणचं. गोड जास्त झालं की तोंड साफ करायला. काकूंनी दोन्ही एकत्र खाल्लं. "अहो, हे यांचं कडुनिंब-गूळ," त्या म्हणाल्या. काकांनी आपली काकवी काढली. पाटलांनी ती चमच्याने खाल्ली, मग बशीने, आणि बाटली परत दिलीच नाही.

रंगावरून तेवढा वाद झाला. हंगाम सरकत जातो तसं सिरप काळसर आणि कडक चवीचं होतं. पूर्वी त्याला "बी" दर्जा म्हणायचे, स्वस्तात जायचं; पुढे लोकांना तेच आवडू लागलं, तेव्हा व्हरमाँटने 2014 साली नावंच बदलली आणि सगळेच "ए" दर्जाचे झाले. काळ्या गुळावर "सेंद्रिय" असं लिहून दुप्पट भाव घेणाऱ्या काकांना यात नवीन काहीच वाटलं नाही.

पाडव्याला जावयाच्या गच्चीवर गुढी उभी राहिली. काठी स्कीची, तांब्या काकूंचा, आंब्याच्या जागी मेपलची डहाळी, गळ्यात मेपलपानांची गाठ. पाटील टोपी काढून बघायला आले. गुढीकडे नाही, डहाळीकडे. त्यांनी एक कळी दोन बोटांत दाबली. कळ्या फुगल्या की रसाला वाईट वास येतो आणि हंगाम संपतो. "घट्ट आहे," ते म्हणाले. "अजून दोन आठवडे मिळतील." काकांनी मनात परतीची तारीख मोजली. तीन दिवस उरले होते.

संध्याकाळी गुढी उतरवायला काकू गच्चीवर गेल्या. तांब्या होता, खण होता, डहाळी होती. गाठीचा फक्त दोरा लोंबत होता, आणि कठड्यावर एक तांबडी खार पुढचे पाय चाटत बसली होती.