दुसऱ्या कंट्रोलरची मतं

मी व्हिडिओ गेम खेळते असं सांगितलं की समोरचा माणूस समजूतदारपणे मान हलवतो. "कँडी क्रश ना? आमची हीपण खेळते." नाही हो, ‘गॉड ऑफ वॉर’, असं म्हटलं तर चुलत सासूबाई विचारतात, कुठल्या चॅनेलवर लागतं? चाळिशी उलटलेल्या बाईने गेम खेळावा आणि वर त्याबद्दल मतं बाळगावीत, हे आमच्या सांगलीत अजून रुळायचं आहे. मतं मात्र माझ्याकडे भरपूर आहेत. ती मी हरून हरून कमावली आहेत.

जिंकल्यावर काय, सगळेच खेळ फटाके उडवतात. हरणाऱ्याशी खेळ कसा वागतो, त्यावरून त्याचं खानदान कळतं. आणि या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण माझ्या हातात कायम दुसरा कंट्रोलर असायचा. पहिला दादाकडे. टीव्ही गेम म्हणून नव्वदच्या दशकात घरोघरी जो नकली डबा आला, त्याच्याबरोबर ‘९९९९९९९ इन वन’ असं छापलेली कॅसेट मिळायची. खेळ त्यात मोजकेच, बाकी तेच नाव बदलून. कॅसेट चालेनाशी झाली की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. फुंकर मारण्याचं काम दुसऱ्या कंट्रोलरकडे.

सुरुवात अर्थातच मारिओपासून. १९८५ चा खेळ. दोघांनी खेळायचं तर पहिला मारिओ आणि दुसरा लुइजी, आणि मारिओ मेल्याशिवाय लुइजीची पाळी येत नाही. दादा मरायचा नाही. सख्ख्या भावाच्या मरणाची मनापासून वाट बघत मी दुपारच्या दुपार बसून काढल्या आहेत, त्यात एखादी राखीपौर्णिमाही असेल. हा नियम कुणा थोरल्या भावानेच केला असणार याबद्दल मला शंका नाही. त्यातून दादा किल्ला सर करून आत गेला की तिथे आळंबीच्या टोपीवाला एक इसम उभा. तो आधी आभार मानतो आणि मग सांगतो, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. एकदा नाही, सात वेळा. तहसील कचेरीत साहेब दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बसतात असं सांगणारा शिपाई मी पुढे आयुष्यात पाहिला, तेव्हा मला अजिबात धक्का बसला नाही. उलट त्याने आभार मानले नाहीत, एवढंच खटकलं.

‘कॉन्ट्रा’त दोघं एकत्र खेळतात म्हणून मी आधी हुरळून गेले होते. मग धबधब्याची लेव्हल आली. तिथे वर वर उड्या मारत जायचं असतं आणि जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. शत्रूची गोळी लागून नाही, भावाच्या घाईने! त्या खेळातली माझी निम्मी माणसं दादाने मारली आहेत. त्यावर इलाज म्हणून तीस जीव देणारा तो प्रसिद्ध कोड होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तो मुळात १९८६ साली ‘ग्रॅडियस’साठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातला. घरगुती यंत्रासाठी खेळ तयार करताना तो तपासायचा म्हटलं, तर त्यांना स्वतःलाच जमेना. स्वतः बनवलेला खेळ आपल्याला येत नाही हे ज्याने जाणलं आणि त्यावर गुपचूप तोडगा काढला, असा माणूस मला फार जवळचा वाटतो. कोनामी कंपनीत त्यांचा पुतळा असेल-नसेल, माझ्या मनात आहे.

आता ‘डक हंट’. बदक निसटलं की गवतातून कुत्रा वर येतो आणि तोंडावर पंजा धरून हसतो. घरात आई हसत नव्हती, दादासुद्धा तोंड फिरवून हसायचा, पण हा कुत्रा समोरून. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडून पाहिल्या. उपयोग नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम लागला. कुत्र्यासाठी कुणी चौकोन काढलेलाच नाही. त्याला सरकारी संरक्षण आहे. पण खरं दुःख पुढे आहे. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाने साधा कंट्रोलर हातात घेतला, तर ते बदक त्याला उडवता येतं. डावीकडे, उजवीकडे, मनाला येईल तसं! दादाचा प्रत्येक नेम मी चुकवू शकले असते. हे मला कळलं तेव्हा दादाच्या डोक्यावरचे केस गेले होते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची (१९८९) चाल बघून लोक थक्क होतात. जॉर्डन मेकनर यांनी ती आणली कुठून? आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, लटकायला, उड्या मारायला लावलं आणि त्याची फिल्म काढून चित्रं केली. म्हणजे राजपुत्र खिळ्यांवर पडून मरतो, तेव्हा पडदा कुणाचाही असो, पडतो तो धाकटाच.

‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ (२०००) मी सायबर कॅफेत खेळले. या खेळात मोहिमेच्या मधे सेव्ह करता येत नाही. तुम्ही चोरपावलांनी कॅमेरे चुकवत, कुंपणं ओलांडत शेवटच्या दारापर्यंत या, एक गोळी खा, परत पहिल्या टेकडीवर. आणि कॅफेवाला तासाचे पैसे लावतो. नॉर्वेच्या लोकांनी केलेला खेळ. थंडीत बाहेर जायचं नसेल तर असलं सुचतं.

टेट्रिसबद्दल थोडक्यात. तो मॉस्कोत १९८४ साली झाला, आणि त्यात मुळात सगळेच हरतात. हसणारा कुत्रा नाही, दुसऱ्या किल्ल्याचा पत्ता नाही. २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने निन्टेंडोवरचा टेट्रिस इतका पुढे नेला की शेवटी खेळच गोठला. मुलाचं कौतुक आहे. पण सगळे समसमान हरायचे ती एकच जागा होती, तीही गेली.

कँडी क्रशला मात्र माझ्या यादीत सगळ्यात खालचा पाट. पाच जीव, गेलेला एक परत मिळायला अर्धा तास. थांबवत नसेल तर विकत घ्या, नाहीतर नातेवाइकांकडे मागा. आमच्या वन्सं सणावाराला फोन करत नाहीत, पण रात्री साडेअकराला त्यांनी माझ्याकडे जीव मागितलेला आहे. मी दिला. माघारी आला नाही.

‘राजी’बद्दल मी निःपक्षपाती असूच शकत नाही. २०२० चा, पुण्यातल्या लोकांनी केलेला खेळ. असुर गोलू नावाच्या धाकट्या भावाला पळवून नेतात आणि थोरली बहीण त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. मारामारी थोडी आखडलेली आहे, खेळ लवकर संपतो, पण भाऊ पूर्ण वेळ बंदिवान! मी तो दादाला वाढदिवसाला भेट पाठवला. अजून उघडलेला नाही म्हणे, वेळ नाही.

गेल्या हिवाळ्यात सासरे तासगावहून मुक्कामाला आले, तेव्हा मी ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळत होते. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेला शेतीचा खेळ. सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. ते खुर्ची ओढून बसले.

"दर कोण ठरवतं?"

"ठरलेलाच असतो, बाबा. संध्याकाळी माल त्या पेटीत टाकायचा. सकाळी पैसे जमा."

"आडत?"

"नाही."

"व्यापारी पळून जातो का?"

"व्यापारीच नाही."

त्यांनी चष्मा पुसला. मी द्राक्षाची वेल लावून दाखवली. दहा दिवसांत घड, मग दर तिसऱ्या दिवशी तोडा. छाटणी? नाही. डावणी? नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी? पाऊस पडतो, पण पडला की पाणी घालायचं वाचतं. "अगं, मग हे अवघड कुठाय?" असं म्हणून ते उठले आणि पेपर वाचायला गेले.

मला वाटलं, आता मोठ्या माणसाचा खेळ काढावा. ‘एल्डन रिंग’ लावला. सुरुवातीलाच सोन्याच्या चिलखतातला एक घोडेस्वार उभा असतो, तो नवख्याला एका फटक्यात लोळवतो. मी लोळले. पडद्यावर मेल्याची सूचना, बाकी भाष्य नाही. सासरे पेपराच्या वरून बघत होते. मी त्यांना समजावलं: इतका वेळ मारामारी करून जे कमावलं, ते मेलं की तिथेच पडतं. परत जाऊन उचलायचं. पण उचलायच्या आधी पुन्हा मेलं, तर आधीचं सगळं कायमचं बुडालं.

"आणि तो घोडेवाला?"

"तो तिथेच असतो."

त्यांनी पेपराची घडी केली.

"हां," ते म्हणाले, "हा शेतीवरचा वाटतो."