माणशी दराची पोपटी

युरोपात लोक तिकीट काढून व्हायकिंगांसारखी कातडी पांघरतात, शिंगातून मद्य पितात आणि संध्याकाळी मोटारीने घरी जातात. आपण हसायचं कारण नाही. थंडी पडली की नवी मुंबईकर पनवेलपलीकडच्या फार्महाउसवर ‘पारंपरिक पोपटी’ला निघतो, माणशी दर आगाऊ भरून. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शेतातलंच सगळं, म्हणून पूर्वी हे फुकट होतं. आता जाळाशेजारी डीजे असतो, मडकी रंगवायची कार्यशाळा असते. भांबुर्डा ओळखणारा इसम एकच, मडकं लावणारा. (फोटोच्या वेळी त्याला जरा बाजूला व्हायला सांगतात.)

भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल यायचा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. ओलावा काँक्रीटखाली गेला. पुढे त्याच सिडकोने गावोगावच्या कारागिरांसाठी सीबीडी बेलापूरला अर्बन हाट उभारला, हा तिचा मोठेपणा. मडकं तिथे कदाचित मिळेल. शेंगा मात्र पेण-अलिबागकडून आणा.