परसातील जमाबंदी

प्रवरेकाठच्या आमच्या बेलापुरात बांधावरच्या बाभळीपासून विहिरीतल्या हिश्शापर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असताना, परसातल्या कोंबड्यांच्या कुलशीलाची नोंद मात्र कोणीच ठेवू नये, ही उणीव भरून काढण्याच्या उदात्त हेतूने मी नाना जातींची एक दिवसाची पिल्ले मागवली आणि त्यांच्यासाठी रकाने आखलेली एक स्वतंत्र वही घातली. पिल्ले भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीतून आली, तीही सावकाश. कारण रेल्वेने 'बेलापूर' ही पाटी श्रीरामपूर शहरात लावून ठेवली आहे, नव्या मुंबईत आणखी एक बेलापूर आहे, आणि आमचे खरे बेलापूर या दोहोंच्या कीर्तीपुढे संकोचून बसले आहे. अंड्यातला बलक पोटात ओढून घेऊन जन्मणारे पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. निसर्गाने ही शिदोरी बेलापूर नावाच्या गावांचा विचार करूनच बांधून दिली असावी.

वहीत मी तपशीलवार लिहिले: गिरिराज, मूळ बंगळूरचे, वनराजा, हैदराबादचे, ऱ्होड आयलंड रेड, थेट अमेरिकी कुळातले, आणि कडकनाथ, म्हणजे ज्याच्या झाबुआ मुलखास 2018 साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, ते मांसापर्यंत काळेभोर घराणे. त्याच सुमारास घरची गावठी कोंबडी खुडूक बसली होती आणि तिच्याखालच्या अंड्यांतूनही दोन-चार पिल्ले बाहेर पडली होती. आत्याबाईंनी रात्री कंदील बारीक करून माझी सारी खानदानी मंडळी एकेक करून तिच्या पोटाखाली सारली. सकाळी ती कोंबडी सर्वांना घेऊन उकिरड्यावर निघाली. मी वहीतला 'माता' हा रकाना कसा भरावा या विवंचनेत असताना आत्याबाई म्हणाल्या, "जात काय लिहीत बसलास रं बाळ? पोटाखाली शिरलं ते तिचं."

मानमोडीवरच्या लसोटा लशीचा एकेक थेंब पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत पडला. घारीने दोनदा फेरी मारली. दोन्ही वेळा त्या माउलीने सारे अंग फुलवून असा आकांत मांडला, की घारीने नसता दावा सोडून दिला. खरी पंचाईत निर्माण झाली ती गिरिराजांच्या वाढीमुळे. दोन महिन्यांत हे चिरंजीव वजनाने आईला येऊन भिडले, परंतु मातृसान्निध्याचा हक्क सोडण्यास तयार होईनात. दिवेलागणीस त्यांतला एक थोराड मुलगा मान खाली घालून तिच्या पंखाखाली शिरे. त्याचे मस्तक तेवढे आत, उर्वरित देह बाहेर, आणि वर ती बिचारी दोन्ही पाय अधांतरी ठेवून, डालग्याच्या कडेकडे पाहत, अत्यंत गंभीर मुद्रेने त्याला ऊब देत असे.

नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे या गृहस्थांनी कोंबड्यांमध्ये कोणी कोणास टोचावे याची पक्की उतरंड असते, हे 1921 साली शास्त्रशुद्ध रीतीने प्रसिद्ध केले. आमच्या परसात ही जमाबंदी माझ्या संमतीवाचूनच पार पडली. कण्यांच्या परातीवर पहिला हक्क गेला तो एका कृश, पिंगट, गावठी तलंगेकडे. वहीत जिच्या नावापुढे मी नुसती आडवी रेघ ओढली होती! सनदी कडकनाथ दोन पावले मागे उभा राहून आपल्या पाळीची वाट पाहू लागला आणि अमेरिकी कुळातल्या कन्येने एकदा पुढे चोच करताच तिला मानेवर असा ठोसा बसला, की तिने त्या निकालावर पुन्हा अपील केले नाही. मी वर्चस्वाचा फेरफार वहीत करून टाकला. सत्तांतराची नोंद करणे एवढेच कारकुनाच्या हाती असते. परात मांडताना माझ्या अंगठ्यालाही सर्वजण टोचतात, यावरून त्या उतरंडीतील माझे स्थान वाचकांनी ताडावे.

आता पिल्लांपैकी निम्मे नर निघाले आहेत आणि पहाटे कोण प्रथम आरवणार या वादात तांबडे फुटण्याची वाट पाहण्याची वहिवाट त्यांनी केव्हाच मोडली आहे. शेजाऱ्यांचे निरोप येऊ लागले आहेत. तरी इच्छुकांनी येऊन कोंबडे विनामूल्य न्यावेत. डालगे आपले आणावे, जातीचा दाखला मागू नये, आणि पुढे त्या कोंबड्याचे काय झाले ते आत्याबाईंना कदापि कळवू नये.