नोंदवाले नाना

नाना शाळेतून रिटायर झाले तेव्हा आता ते काशीला जातील, असं घरच्यांना वाटलं होतं. ते तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेले. पुढं सप्टेंबर 2023मध्ये मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सगळा मराठवाडा लागला, आणि नानांना जो भाव आला तो गेवराईच्या कापसालाही कधी आला नसेल. बीड जिल्ह्यात असे नाना तालुक्याला एक तरी निघतातच.

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. नाना पणजोबा विचारतात. पाटोद्याच्या एका मांडवात त्यांनी नवरदेवाच्या मामाला पंगतीतच धरलं.

"मूळ गाव कोणतं? बांधाला जमीन कोणाची होती?"

"नाना, मी लग्नाला आलोय हो."

"असू द्या. जन्ममृत्यूचं कोतवाल बुक बघितलं का?"

हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948ला संपलं हे त्यांना मान्य आहे, पण नाइलाजानं. त्यांचं साल अजून निजामाच्या दप्तरातलं, फसली. "1343 म्हणजे 590 मिळवा, 1933 आलं," हे ते भाजीवाल्या मावशीलाही समजावतात. मावशी तेवढ्यात मेथीची जुडी महाग करते. एसटीत बसले की तिकीट मागतात मोमिनाबादचं. नवा कंडक्टर गोंधळतो. जुना मुकाट्यानं अंबाजोगाईचं फाडतो.

मोडी ते चष्मा कपाळावर ठेवून वाचतात. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. नानाही बोलताना सोडत नाहीत. त्यांच्या तावडीतून सुटायचं तर त्यांना ठसका लागायची वाट बघावी लागते.

दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं, तेव्हा नानांचा भाकडकाळ. कोयते परतले की पुन्हा ओट्यावर गर्दी: कुणाच्या हातात शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कुणाकडं खासरा पत्रकाची नक्कल, कुणाकडं नुसतीच आशा. बांधावरून वीस वर्षं कोर्टात भांडणाऱ्या दोघांना नानांनी एकदा वंशावळ काढून दिली. खापरपणजोबा एकच निघाला. दोघंही एकमेकांकडं असे बघत राहिले, जणू समोरच्यानंच हा म्हातारा मुद्दाम आपल्या घरात घुसवलाय.

फी विचारली तर नाना रागावतात. चहा मात्र दोनदा घेतात. मला वाटतं, प्रमाणपत्राशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या पानावर एखाद्या विसरलेल्या बाईचं नाव लागलं की ते हळूच म्हणतात, "ही घ्या, बसलीय इथं."

त्यांची स्वतःची जन्मतारीख 1 जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली, गावातल्या निम्म्या लोकांसारखीच. यंदा नातीनं केक आणला, मेणबत्त्या लावल्या. नानांनी सुरी बाजूला ठेवली.

"गाव नमुना चौदात माझी जन्मनोंद सापडू दे, मग कापू."

नातीनं फुंकर मारली आणि पहिला तुकडा आजीला दिला. आजीचाही वाढदिवस 1 जूनच.