हिरवी म्हणतात तिला

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे वाक्य साठी उलटल्यापासून मला फार आवडू लागलं होतं. ते वाईनविषयी आहे हे सोयीस्करपणे विसरून मी ते स्वतःला लावून घेत असे.

हा भ्रम उतरला उत्तर पोर्तुगालमधल्या पोंत द लिमा या नदीकाठच्या गावात. पोर्तोला शिकणारी लेक आम्हा दोघांना तिथे जेवायला घेऊन गेली. यादीत 'विन्यू व्हेर्द', म्हणजे हिरवी वाईन, असं होतं. मी पुदिन्याच्या सरबताची कल्पना करून बसलो. समोर आला चिनी मातीचा पांढराशुभ्र वाडगा, आणि त्यात जांभळाच्या रसासारखं काहीतरी काळंजांभळं.

"अगं, हिरवी कुठाय?"

"बाबा, हिरवी म्हणजे कोवळी!"

तिकडे 'व्हेर्द'च्या समोर 'मादुरू' असते. एक कोवळी, दुसरी पिकलेली. आपली कैरी आणि आंबाच की! या हिरव्या वाईनच्या प्रदेशाची हद्द 1908 साली कायद्याने आखली गेली. इथली जगभर जाते ती बहुतेक पांढरी. तिच्यातली मानाची द्राक्षं अल्वारिन्यू, स्पेनच्या सीमेवर मोन्सांव आणि मेल्गासूकडची. भाजलेल्या मासळीची ती सोबतीण. तांबडी मात्र घरच्या माणसांसाठी.

ही तांबडी 'विन्यांव' द्राक्षांची. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, गर फिका. विन्यांवचा गरसुद्धा रंगीत! वाडगा कलला की पांढऱ्या कडेवर रंगाचा पडदा चढतो, आणि दातांवरही. मी प्रसन्न हसलो, तेव्हा बायको म्हणाली, "आधी आरशात बघा."

या मुलखात पाऊस मुबलक आणि जमिनीचे तुकडे चिमुकले. म्हणून पूर्वी वेल झाडांवर चढवत, खाली मका नि कोबी लावत, आणि द्राक्षं काढायला शिडी लावत. अशा हवेतल्या द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो. तो तेलकट, चरबीदार जेवणाला लागतोच; आपण सोलकढी उगाच नाही पीत.

थंडी सरताना इथे लांप्रेया नावाचा, जबडाच नसलेला, वामेसारखा मासा समुद्रातून नदीत चढतो. त्याच्याच रक्तात आणि वाईनमध्ये त्याचा भात शिजवतात. मी त्याला दुरून नमस्कार केला आणि 'रोजोंइश' मागवले: वाईन, लसूण आणि तमालपत्रात मुरवून चरबीत परतलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. पहिल्याच घासाला ओळख पटली. वाईन-लसणीत मुरवायची ही रीत पोर्तुगीजांबरोबर गोव्याला गेली, तिथे वाईनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, मिरची आली, आणि विंदालू झालं. म्हणजे मी विंदालूच्या आजोळी जेवत होतो.

निघताना एक बाटली घेतली. कपाटात ठेवू, चांगल्या प्रसंगाला काढू, असा बेत. आमच्या घरी चांगल्या चादरी, चांगले कप, सगळं पाहुण्यांची वाट बघत म्हातारं होतं.

"ठेवू नकोस," लेक म्हणाली. "हिला मुरणं मानवत नाही. जिवंतपणा आहे तोवर पिऊन टाक."

घरी परतल्यावर एका साध्या मंगळवारी, कुणाचाही वाढदिवस नसताना, तळलेल्या बांगड्याबरोबर ती उघडली. पांढरा वाडगा नव्हता, म्हणून स्टीलच्या वाट्या घेतल्या. वाटीत रंग काही कळला नाही. दोघं हसलो तेव्हा कळला.