गाईच्या नावानं चांगभलं

दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला प्राप्तिकर कायद्यानं दोन अवतार बहाल केले आहेत. उसात उभा असतो तोवर तो शेतकरी. ऊस कितीही पिको, उत्पन्न करमुक्त. उसाचं वाढं घेऊन गोठ्यात शिरला की तोच माणूस व्यावसायिक होतो, कारण दुधाचं उत्पन्न कायद्याच्या लेखी शेतीउत्पन्न नव्हे. अर्थात चार गाईंवाल्याचा नफा करपात्र मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही, त्यामुळे हा कर त्याला दिसत नाही आणि माफ केला तरी दिसणार नाही. सवलत उपयोगी पडते ती वरच्या पायरीवर: सभासदांचं दूध संघाला घालणाऱ्या प्राथमिक सहकारी संस्थेचा त्यातला नफा करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा होतो. पशुखाद्यावर जीएसटी नाही. मात्र कारखानदारानं यंत्रावर आणि रिकाम्या पोत्यावर भरलेल्या कराचा परतावा त्याला नसल्यानं तो कर गुपचूप भरल्या पोत्याच्या किमतीत जाऊन बसतो.

मग उरतं अनुदान. १ जुलै २०२४ पासून राज्य सरकारनं ३.५ टक्के फॅट, ८.५ टक्के एसएनएफच्या (स्निग्धेतर घन पदार्थांच्या) गाईच्या दुधाला लिटरमागे ३५ रुपयांचं गणित मांडलं: डेअरीनं ३० द्यायचे, सरकारनं ५. ऑक्टोबरपासून अनुदान ७ झालं आणि ढोल वाजले. त्याच निर्णयात डेअरीचे ३० चे २८ झाले, तेव्हा मात्र ढोलवाल्यांचा हात दुखत असावा. बेरीज पुन्हा ३५. म्हणजे वाढीव दोन रुपये गाईच्या नावानं तिजोरीतून निघाले, मालकाच्या बँक खात्याला नमस्कार करून डेअरीच्या ताळेबंदात विसावले.

डेअऱ्या म्हणतील, भुकटी-लोण्याचे भाव पडल्यावर ३० परवडत नव्हते. मान्य. मग त्याला भुकटी अनुदान म्हणा. २०१८ मध्ये भुकटीच्या निर्यातीला किलोमागे ५० रुपये जाहीर झालेही होते. पण निर्यात अनुदानं बंद करण्याचं जागतिक व्यापार संघटनेनं २०१५ मध्येच नैरोबीत ठरवलंय. त्या मानानं गोठ्यातल्या गाईकडे जिनिव्हातल्या या संघटनेचं लक्ष कमी जातं.

मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते सांगतील, अनुदानही नको आणि आयात भुकटीवरचं ६० टक्के शुल्कही नको. हे पटत नाही. जगातलं जवळपास चौथा हिस्सा दूध भारतात निघतं आणि बहुतेक इथंच खपतं. न्यूझीलंड आपलं बहुतेक दूध परदेशी विकण्यासाठीच काढतो. त्याच्या थोड्या मालानंही आपला भुकटीचा भाव हलेल. म्हणूनच २०१९ मध्ये ‘आरसेप’ व्यापार कराराबाहेर राहणं आणि २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारातून दुग्धपदार्थ वगळणं योग्यच होतं. मात्र हे शुल्क जसंच्या तसं असतानाही इथला दर कोसळला, नाहीतर अनुदान द्यावं लागलंच नसतं. तेव्हा शुल्क परदेशी भुकटीला अडवतं. आतल्या नफ्याची वाटणी करणं त्याचं कामच नाही.

ते काम कायद्याचं. याच शेतकऱ्याच्या उसाला एफआरपी, म्हणजे कायद्यानं बांधलेला किमान दर, आहे. साखरेचा भाव पडला म्हणून कारखान्याला ती आपल्या मर्जीनं कमी करता येत नाही. आयात शुल्काच्या आडोशानं धंदा करणाऱ्या डेअरीवरही असाच किमान दर बंधनकारक करावा, तेजीतल्या नफ्यातला हिस्सा ठरवून द्यावा आणि अनुदान त्या दरावर द्यावं, दरातून वजा करून नव्हे. हे जमत नसेल तर लाभार्थी म्हणून गाईऐवजी भुकटीचं नाव लिहावं. गाईच्या कानातला ओळखीचा बिल्ला पोत्यालाही लावता येतो.