नवा भाडेकरू

लॅपटॉपची बॅटरी गेली म्हणजे सगळीच गेली असं समजून माणसं ती भंगारात देऊन मोकळी होतात. आत बहुधा सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. त्यातली एक जोडी आजारी पडली की पॅकमधलं सर्किट खबरदारी म्हणून सगळाच कारभार बंद करतं आणि उरलेले चार धडधाकट सेल सक्तीने निवृत्त होतात. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला हे कळणं बरं नव्हे. मला कळलं, आणि तेव्हापासून बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या आमच्या घरी ओळखीपाळखीच्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या येऊ लागल्या.

या वेडाला बेंगळुरूतच भक्कम आधार आहे. आयबीएमच्या इथल्या संशोधकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा नमुन्यातल्या सुमारे ७० टक्के बॅटऱ्यांत एक एलईडी दिवा रोज चार तास, वर्षभर चालवण्याइतका जीव निघाला. चांगले सेल काढून त्यांनी 'ऊर्जार' नावाचा दिव्याचा संच बनवला, २०१४ मध्ये तो जगापुढे मांडला आणि याच शहरातल्या पाच जणांना वापरायला दिला. मोठ्या संख्येने बनवला तर किंमत सहाशे रुपयांच्या आसपास पडेल, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. हे मी घरात जरा जास्तच वेळा सांगते. नवरा दर वेळी एकच विचारतो, "आणि उरलेल्या तीस टक्क्यांचं काय गं?"

प्रश्न चोख आहे. सत्तर टक्क्यांचं कौतुक कुणीही करील; कौशल्य लागतं ते तीस टक्के ओळखायला.

मल्लेश्वरममध्ये घरमालक भाडेकरूला जे विचारतात, तेच अनोळखी सेलला विचारावं. मूळचे कुठले? आधी कुठे राहत होता? ते घर का सोडलंत? मराठी आडनाव ऐकलं की पहिला प्रश्न जरा लांबतो. (वास्तविक इथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजी भोसल्यांनी, म्हणजे एकोजींनी, गाव दान दिल्याचा शिलालेख १६६९ चा आहे. पण ते सांगून भाडं कमी होत नाही.)

शिलालेखाचं बरं असतं, कोरलं ते कोरलं. सेलच्या अंगावर असतं प्लास्टिकचं पातळ वेष्टण, आणि ती वेष्टणं बाजारात सुटी मिळतात. लॅपटॉपमधला नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. या मापात सहसा ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच मजल जाते. तरी ९९०० छापलेले सेल खुशाल विकले जातात. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे कामाला येतो: खरा सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो, थापाड्या पुष्कळदा हलका असतो.

आता मूळ गाव, म्हणजे आतलं रसायन. नेहमीचा लिथियम-आयन सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा, तो ४.२ पर्यंत भरायचा. लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ चा, तो ३.६५ लाच थांबवायचा. निकेल मेटल हायड्राइडचा जेमतेम १.२. दिसायला तिघं सख्खे भाऊ. बागेतल्या सोलर दिव्यातला बोटाएवढा सेल यांतल्या शेवटच्या दोघांपैकी कुणीही असू शकतो, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये निकेलचे जे सेल असत ते मापाने १८६५० च्या इतके जवळ, की नुसत्या नजरेने फसायला व्हावं.

मल्टिमीटर लावला की कळेल, असं वाटतं. तिथेच गोम आहे. मीटरने ३.२ दाखवलं, तर तो धडधाकट फॉस्फेटवाला असेल किंवा उपाशी लिथियम-आयन. १.२ दाखवलं, तर निकेलचा ठणठणीत सेल असेल किंवा लिथियमचं प्रेत. एका क्षणाच्या आकड्यावरून कूळ कळत नाही. म्हणून जुना पत्ता महत्त्वाचा. पॅक फोडण्याआधी त्याच्यावरचं लेबल वाचून लिहून ठेवावं. १०.८ व्होल्ट आणि 'लि-आयन' लिहिलेलं असलं, की तिनाने भागायचं, ३.६ आलं, विषय संपला. लेबल फाडून फेकलं आणि सेल तेवढे ठेवले, तर मग ज्योतिष पाहत बसा.

'का सोडलंत?' याचं उत्तर सेलच्या अंगावर असतं. पोचा, गंज, फुगवटा, ओल, गोडसर उग्र वास, यांतलं एक जरी असलं तरी मुलाखत तिथेच संपली. लिथियम-आयन आहे हे ठरलंय आणि व्होल्टेज २ च्या खाली गेलंय, तरीही नकार. इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं द्रावणात विरघळतं आणि पुन्हा भरताना नको तिथे जमून आतल्या आतच शॉर्ट करू शकतं. "एकदा झटका देऊन बघू, उठेल" म्हणणारे उत्साही लोक असतात. सेल उठतोही, तीच तर धास्ती.

पास झालेल्याला भरायचं तेही सावकाश. बाजारात पन्नासाच्या आत मिळणारं चार्जरचं सर्किट हे ४.२ व्होल्ट या एकाच आकड्याचं भक्त असतं. फॉस्फेटवाल्याला ते ताणून ४.२ वर नेतं. निकेलवाला ४.२ ला कधी पोचतच नाही, म्हणून त्याच्यात वीज कोंबत राहतं, आणि तो तापून फुटूही शकतो. तेव्हा ज्याचा त्याचा चार्जर वेगळा. पहिल्या खेपेला करंट अगदी कमी, सेल फरशीवर, आजूबाजूला पडदा-कागद नाही, आणि माणूस जागं. हाताला कोमटपेक्षा जास्त लागला की काढायचा.

पूर्ण भरलेला सेल मग महिनाभर नुसता ठेवायचा. ही खरी परीक्षा, आणि हिलाच कुणी बसत नाही. नेहमीचा लिथियम-आयन काही न करता ४ च्या खाली घसरला, तर आतून गळतोय. टिकला, तर तारीख आणि मोजलेली क्षमता चिकटपट्टीवर लिहून प्लास्टिकच्या डब्यात. स्टीलच्या नाही. आपल्या घरांत सगळ्याला स्टीलचा डबा. पण सेलचं सगळं अंग ऋण असतं, फक्त टोपीची बाजू धन. वेष्टण जरासं फाटलं की डबाच तार होतो. आमच्या घरात या कारणासाठी एक चांगला, झाकण घट्ट बसणारा डबा मी परत स्वयंपाकघरात दिला. नवऱ्याने माझ्या विद्येबद्दल काढलेले कौतुकाचे उद्गार तेवढे एकच.

एवढं करून जे हाती येतात ते विजेरीत, रात्रीच्या दिव्यात, रेडिओत सुखाने नांदतात. वेगवेगळ्या घरचे सेल मात्र एकत्र जोडू नयेत. एक थकतो, दुसरा त्याला ओढतो आणि दोघांचंही वाटोळं होतं.

राहिले ते तीस टक्के. त्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची, वेगळं ठेवायचं आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यायचं. बेंगळुरूजवळच्या डोब्बसपेटला ई-परिसरा हा देशातला पहिला परवानाधारक ई-कचरा प्रकल्प २००५ पासून आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर, वेगळं ठेवण्याची तुमच्या-माझ्यावर टाकली आहे. ओल्या-सुक्या कचऱ्यात सेल टाकू नका. गाडीत दाबला गेलेला लिथियमचा सेल पेट घेतो, आणि तो विझवायला तिथे फक्त सफाई कामगार असतो.